गाडी बघायला न्यायचा माणूस

“पावणं गाडी बघायला आल्यात का मयताला?”

आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर हे माझ्या खिडकीपाशी उभा राहून हळू आवाजात म्हणाला. कोल्हापुरातला हळू आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर ऐकू जातो. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते अंगणात एका पांढऱ्या गाडीसमोर उकिडवे बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, एक तळहात बॉनेटवर, डोळे मिटलेले. शेजारी त्यांना घेऊन आलेला बिद्रीकडचा ऊसवाहतुकीचा ठेकेदार नवी चप्पल कुरकुरवत येरझाऱ्या घालत होता.

हात काढून ते उठले आणि आमच्या मालकांना म्हणाले, “गरम हाय.”

“सकाळी जरा पुढं-मागं केली, अण्णा.”

“मग उद्या येतो. उद्या हात लावू नगासा. झोपलेली गाडी बघायची असती मला. उठवून, पावडर लावून बसवलेली न्हाय.”

आणि ते खरंच चालू लागले. ठेकेदार मागून पळाला.

कोल्हापुरात त्या काळी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक बरोबर एक ‘माणूस’ नेत. मुलगी बघायला जाताना जाणता काका न्यावा तसा. बाकी माणसं बॉनेट उघडून मान हलवायची, चहा प्यायची आणि विकणाऱ्याकडून गुपचूप आपलं पाकीट घेऊन जायची. सिद्धाप्पा अण्णा त्यांतले नव्हते. मूळचे कुरुंदवाडचे, उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि इंजिनाशी दोन्ही बोलायचे. गाडी बघायचे पैसे ते घेत नसत. गाडी पसंत केली तर घेणाऱ्याने चाकापुढे नारळ फोडायचा आणि अर्धी वाटी त्यांना द्यायची, एवढाच रिवाज. मी त्या ऑफिसात होते तेवढ्या काळात त्यांना परदेशी गाडीची अर्धी वाटी चारदाच मिळाली. चौथीबद्दलच मला लिहायचं आहे, पण ती लगेच लिहवत नाही.

मी बी.कॉम. होऊन नव्वदीच्या मध्यावर तिथे लागले. बाहेर ‘ऑटो कन्सल्टंट’ अशी पाटी होती. मालक जुन्या गाड्या घ्यायचे-विकायचे, आणि त्यांची खरी ऐट दोन-तीन परदेशी गाड्यांत होती. परदेशात नोकरी केलेली माणसं परत येताना आपली गाडी आणायची, काही वर्षं वापरून विकायची. मग ती हातोहात फिरत आमच्या अंगणात यायची. त्यांच्याबरोबर कस्टमची, विम्याची, कंपनीची जाड फाइल यायची, सगळी इंग्रजीत. ती लावणं आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर वाचून दाखवणं, यासाठी मला घेतलं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. ‘एकोणसत्तर’ म्हटलं की मी अजून मनात थांबते. चार पुरुष जमले की माझा आवाज जायचा. कागद वाचायचा असला की तेवढा यायचा, कारण ते बोलणं माझं नसायचं.

दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा आले. गाडी थंड होती. त्यांनी पायमोज्यात घातलेलं लोहचुंबक दारांवरून, मडगार्डवरून सावकाश फिरवलं. जिथे ते चिकटेना, म्हणजे पत्र्यावर लांबी भरून रंग दिलेला, तिथे थांबून बोटाने टिचकी मारली. मग आत वाकून पेडलांचे रबर बघितले आणि मीटरवरचा आकडा मला वाचायला लावला.

“मीटर हातानं फिरतं, अक्का,” ते म्हणाले. “पेडल पायानंच झिजतं.”

मी त्यांच्यापेक्षा चाळीसएक वर्षांनी लहान, तरी त्यांनी मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हटलं. शेवटी ते चॅसिसच्या नंबरावरची धूळ थुंकी लावून पुसायचे आणि बोटाने चाचपत एकेक आकडा मोठ्याने सांगायचे. मी कागदावर जुळवायची. जुळला की म्हणायचे, “लोखंड माझं झालं. आता कागद तुझा.” मग मी फाइल वाचायची आणि ते टोपी हातात धरून, पूजेला बसल्यासारखे ऐकायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण मी घाईत एखादी ओळ गाळली तर हात वर करायचे. “मधी कायतरी ऱ्हायलं.” कसं कळायचं कोण जाणे.

ती पांढरी गाडी ऐकून झाल्यावर ते ठेकेदाराला म्हणाले, “सोडा.”

“का ओ? दिसायला तर नवरी हाय!”

“नवरीच हाय. परगावची. परदेशी गाडी घेताना ती कशी दिसती ते बघायचं न्हाय, तिचं माहेर किती लांब हाय ते बघायचं. आजारी पडली की औषध माहेरासनंच येतंय. हिचा गिअरबॉक्स दुखतोय, आणि माहेर जपानात.”

ठेकेदाराने मान डोलावली, अण्णांना रिक्षात बसवलं, परत आला आणि गाडी घेऊन गेला. तीन महिन्यांनी मी एका पावतीवर सही आणायला उद्यमनगरात गेले, तेव्हा ती गाडी अण्णांच्या शेडमध्ये होती आणि अण्णा तिच्याखाली. फक्त पाय दिसत होते. ठेकेदार खुर्चीवर बसून उसाच्या टोळ्यांना शिव्या देत होता. अण्णांनी खालून एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. तो गेल्यावर मीच विचारलं, तुम्हाला राग येत नाही का.

“कशाचा? माणूस मला गाडी बघायला नेत न्हाय, अक्का. व्हय म्हणून घ्यायला नेतोय. न्हाय म्हटलं की त्येच्या कानात जातच न्हाय.” हात पुसत ते म्हणाले, “न्हाय म्हणायचं काम माझं. ऐकायचं त्येचं. दोन्ही कामं मी कशी करू?”

हे हसत सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात विनोद असायचा, पण त्याचं हसू आपण घरी गेल्यावर यायचं. एकदा आमच्या मालकांनी माझ्या टेबलावर त्यांच्यासमोर एक जाड पाकीट सरकवलं. अण्णांनी ते उचललं, उलटंसुलटं केलं आणि मला म्हणाले, “अक्का, ह्येच्यावर कुणाचं नाव लिवलंय का बघ की.”

“नाही.”

“मग ज्याच्या टेबलावर घावलं त्येचंच.” ते पाकीट त्यांनी मालकांच्या खिशात खोचलं आणि वर थोपटलं. मालक हसले. ते हसू मी नंतरही बघितलं, म्हणून लक्षात राहिलं.

एका जपानी इंजिनाचं पुस्तक त्यांना कुणीतरी दिलं होतं, इंग्रजीतलं. काही रविवारी दुपारी ते मी त्यांना शेडमध्ये वाचून दाखवलं. मी शब्द वाचायची, ते उघड्या इंजिनातला तो भाग बोटाने दाखवायचे आणि मला हात लावायला लावायचे. “नुसतं वाचू नगं. हिथं हात ठेव. आता परत वाच.” त्यांची बायको आतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायची, कानडीत मला काहीतरी विचारायची आणि मी काहीही उत्तर दिलं तरी हसायची. मला न बोलता बसू देणारी जागा त्या शहरात तेवढीच होती.

तिथेच तात्या भेटायचे. मारुती तात्या शिवाजी पेठेतले, एसटीचे ड्रायव्हर, निवृत्तीला आलेले. रोज सकाळी अण्णांच्या शेडमध्ये चहाला. तालमीत वाढलेला माणूस, आवाज घाटात हॉर्न द्यावा तसा. अण्णांचं सगळं आयुष्य ‘न्हाय’ म्हणण्यात गेलं आणि तात्यांचं ‘चला’ म्हणण्यात. दोघांचं कसं जमायचं हे कुणी विचारत नसे, इतकं ते जमायचं.

निवृत्त झाल्यावर तात्यांनी ठरवलं की एक परदेशी गाडी घ्यायची आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने लावायची. कोल्हापुरात तेव्हा नवरदेवाला परदेशी गाडीत बसवायचं वेड नवं होतं. तात्यांना आयुष्यभर लाल डबा चालवून एकदा तरी तसल्या स्टिअरिंगमागे बसायचं होतं, हेही खरं. फंडाचे आले होते ते सगळे त्यात घालायचे होते. मुलगा नव्हता, दोन मुली दिलेल्या. ही गाडीच म्हातारपणी पोसणार होती.

आमच्याकडे तेव्हा एक मोतिया रंगाची लांब गाडी आली होती. सिंगापुराहून परतलेल्या एका साहेबांची. तिची फाइल लावताना मला एक पिवळा पातळ कागद सापडला, विम्याच्या सर्व्हेअरचं पत्र. बंदराजवळच्या गोदामात पावसाचं पाणी शिरलं होतं, त्यात ही गाडी होती. ‘वॉटर इन्ग्रेस अप टु सीट लेव्हल’, सीटपर्यंत पाणी, ही ओळ मला आजही टाइपच्या ठशासकट दिसते. मी तो कागद मालकांकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि परत दिला.

“जुनं हाय ते. नंतर सगळं नवं केलंय. राहू दे फायलीत. कुणी इचारलं तर इन्शुरन्सचं हाय म्हणायचं.” आणि मग ते हसले, तसंच. “खोटं हाय व्हय? इन्शुरन्सचंच हाय की.”

त्यांनी मला धमकावलं नाही. कामावरून काढीन म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे पुष्कळ वर्षं मी मनात तसा एक प्रसंग रचत होते.

अण्णा आणि तात्या सकाळी आठला आले. गाडी थंड होती. अण्णांनी त्या दिवशी जितका वेळ घेतला तितका मी कधी बघितला नव्हता. चुंबक फिरवलं, तेलाची कांडी काढून वास घेतला, एक्झॉस्टला पांढरा रुमाल लावला. गाडी चांगली चालत होती, खरंच चांगली. मग ते मागच्या सीटवर बसले, सीटबेल्टचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून काढला आणि बघत राहिले. खालचा गालिचा एका कोपऱ्यात उचलला.

“पट्टा नवा. गालिचा नवा. एवढी नवी जुनी गाडी कशी ओ?”

“शौकीन माणूस होता, अण्णा,” मालक म्हणाले. “सिंगापूरचा साहेब.”

“शौकीन माणूस पट्टा बदलतोय?”

तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. साठीच्या माणसाचा चेहरा तसा व्हावा हे मी त्याआधी आणि नंतर बघितलं नाही. अण्णांनीही तो बघितला. बाहेर येऊन ते अर्धा तास पायरीवर बसून राहिले. त्यांच्या हाताला काहीतरी लागलं होतं आणि ते काय हे त्यांना धरता येत नव्हतं. शेवटी ते माझ्या टेबलापाशी आले.

“लोखंड माझं झालं, अक्का. कागद वाच.”

मी वाचू लागले. कस्टमचा कागद, कंपनीचा कागद, नोंदणीचा कागद. एकेक पान उलटत पिवळ्या कागदापाशी आले. मालक माझ्या मागे उभे होते, तात्या दारात. अण्णा टोपी हातात धरून ऐकत होते.

“ह्यो पिवळा कसला?”

“इन्शुरन्सचं आहे,” मी म्हणाले.

त्यांनी हात वर केला नाही. मी ओळ गाळली नव्हती, अख्खं पान गाळलं होतं. बहुतेक म्हणूनच. तात्यांकडे वळून ते म्हणाले, “अक्का वाचतीया म्हंजे कागद सरळ हाय. घे.”

चाकापुढे नारळ फुटला. अर्धी वाटी अण्णांनी माझ्या टेबलावर ठेवली. “ही तुझी. आज तुझ्याच जिवावर व्हय म्हटलो.” फाइल तात्यांना देण्यापूर्वी मालकांनी पिवळा कागद काढून घेतला आणि फाडला.

दोन लग्नं छान पार पडली. तिसऱ्या लग्नाच्या वरातीत, बँडच्या मागे, गाडी भर रस्त्यात बंद पडली. नवरदेव आत, फुलांच्या माळा वर. वऱ्हाडातल्या पोरांनी धक्का मारला आणि कुणीतरी ओरडलं, “तात्या, यष्टीची सवय जात न्हाय व्हय?” सगळे हसले, तात्याही हसले. पाचव्या लग्नात पुन्हा तेच झालं तेव्हा मुलीच्या मामाने त्यांना चारचौघांत नाही नाही ते ऐकवलं. कधी महिनाभर गाडी उत्तम चालायची, कधी चौकात अचानक झोपायची. त्यानंतर कुणी बोलावेना.

अण्णांनी ती आपल्या शेडमध्ये आणली. पंप खोलला, वायरी तपासल्या, सगळं परत बसवलं. दुसरं काम घेणं बंद केलं. दोष सापडत नव्हता, कारण तो लोखंडात नव्हता. सीटखाली एक कॉम्प्युटरचा डबा असतो, त्याला आतून हळूहळू गंज चढत होता. पाण्यात बुडालेली गाडी आहे हे कळलं असतं तर त्यांनी पहिल्या दिवशी तोच उघडला असता. ते पुस्तकात होतं. मीच वाचून दाखवलं होतं.

एकदा ते ऑफिसात आले. दाढी वाढलेली, नखांत काळं.

“अक्का, त्या फायलीत एक पिवळा कागद हुता. तात्याच्या फायलीत न्हाय त्यो. त्यात काय हुतं गं?”

मालक फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

“इन्शुरन्सचं होतं, अण्णा.”

“व्हय. तू म्हटलीतीस,” ते म्हणाले आणि गेले.

तात्या अण्णांना एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सकाळच्या चहाला येणं फक्त सोडलं. पुढे गाडी भंगारात गेली आणि तात्या शाळेची रिक्षा चालवू लागले. शनिवारी सकाळी मुलांनी भरलेली ती रिक्षा आमच्या ऑफिसावरून जायची. मी खिडकीतून बाजूला व्हायची.

आणि अण्णांनी गाड्या बघणं बंद केलं. लोक यायचेच, हातापाया पडायचे. “माझा हात गेला,” एवढंच म्हणायचे. पूर्वी त्यांचं ‘न्हाय’ कुणी ऐकत नसे. हे ‘न्हाय’ मात्र सगळ्यांनी लगेच ऐकलं. त्यांनी एकदाच चुकीचं ‘व्हय’ म्हटलं, हे कोल्हापूरभर झालं. वर्षभरात शेड दुसऱ्याने घेतली आणि ते कुरुंदवाडला गेले. मी नोकरी सोडली, पुण्यात बँकेत लागले. पत्र लिहायचं कितीदा ठरवलं. कागद पुढे घेतला की प्रश्न पडायचा, इंग्रजीत लिहिलं तर त्यांना वाचून कोण दाखवणार, आणि मराठीत माझ्याच्याने ते लिहवत नव्हतं. ही सबबच होती, मला माहीत आहे.

सात-आठ वर्षांनी नात्यातल्या एका साखरपुड्याला कुरुंदवाडला जाणं झालं. दुपारी मी विचारत विचारत त्यांच्या दुकानापर्यंत गेले. शेतीच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं छोटं दुकान. ते खूप वाळले होते. ओळखलं मात्र लगेच.

“अक्का! बैस की. हिकडं कुठं वाट चुकलीस?”

मी स्टुलावर बसले. त्यांनी माझं लग्न, नोकरी, सगळं विचारलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, ते म्हणाले. मग सहज सांगावं तसं, “तात्याबी गेला. गेल्या दिवाळीच्या आधी. मी गेलतो मातीला. लांब उभा ऱ्हायलो.”

एक शेतकरी मोटर घेऊन आला होता. अण्णांनी ती चालू केली आणि तिच्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. ती सगळा पत्रा हादरवणारा आवाज करत होती आणि ते स्वस्थ उभे.

“बेअरिंग न्हाय. बुश गेलाय खालचा,” ते आवाजावर आवाज चढवून म्हणाले. “हात लावून बघ. एका अंगाला ओढतीया.”

शेतकऱ्याने हात लावला, मान डोलावली. मग तोही ओरडून म्हणाला, “अण्णा, तुमी पूर्वी गाड्या बघत हुतासा म्हणं. माझ्या भावानं जुनी परदेशी गाडी बघितलीया सांगलीला. येतासा का बघायला?”

“मला न्हाय कळत त्यातलं.”

“असं कसं? सगळी म्हणत्यात की.”

“कळत हुतं असं वाटायचं,” अण्णा म्हणाले. त्यांनी मोटरीवरचा हात उचलला, उलटा करून बघितला आणि धोतराला पुसला. “दोस्ताला बुडवला ह्या हातानं. तुमच्या भावाला कशाला.”

मी उठले. मोटर तशीच चालू होती. आयुष्यात कधी चढवला नव्हता इतका आवाज मला चढवावा लागला. शेतकरी वळून बघू लागला, समोरच्या दुकानातले दोघे बघू लागले.

“अण्णा, तुमचा हात चुकला नव्हता. गाडी सीटपर्यंत पाण्यात बुडालेली होती. पिवळ्या कागदावर तेच लिहिलं होतं. मी वाचलं होतं, आणि तुम्ही दोनदा विचारलंत तरी सांगितलं नाही.”